बाबांची तपासणीची तयारी

परळच्या एका प्रयोगशाळेत मी दिवसभर मधुमेह असलेल्यांची लघवी हाताळते. मूत्रपिंड बिघडण्याची चाहूल लघवीतल्या मायक्रोआरएनएवरून लवकर लागेल का, हे आम्ही शोधतोय. अनोळखी माणसं निमूट बाटली भरून देतात. वैताग देणारा मधुमेही पेशंट माझ्या घरी आहे, लालबागला: बाबा.

"मायक्रोआरएनए म्हणजे काय गो?" बाबांनी एकदा जेवताना विचारलं.

माझी शाळा इंग्रजी. हे सगळं मला मराठीत सांगायचं म्हणजे अडखळणं आलं. म्हटलं, पेशीत कुठलं प्रोटीन बनवायचं याचे निरोप फिरत असतात. हे इवलेसे तुकडे स्वतः काहीच बनवत नाहीत, फक्त निरोप दाबून ठेवतात. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की त्यांचं प्रमाण बिघडतं, भलतेच निरोप दाबले जातात आणि मूत्रपिंडाची गाळणी हळूहळू निबर होत जाते.

"म्हणजे आपल्या चाळ कमिटीचा सेक्रेटरी."

आई हसली. मीही हसले असते, पण बाबा ताटात तिसऱ्यांदा भात घेत होते आणि त्यांचे घोटे हल्ली संध्याकाळी सुजायचे.

आमच्या संशोधनाचा त्यांना आज काही उपयोग नाही. त्यांना हवी होती साधी तपासणी, लघवीतून प्रोटीन झिरपतंय का ते सांगणारी. तशी ते दरवर्षी करायचे. पण तयारी करून. तारीख ठरली की भात बंद, गोड बंद, चालणं सुरू, आणि आदल्या दिवसापासून तांब्यावर तांब्या जवाचं पाणी. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये पट्टी बुडवून बघतात. इतक्या पातळ लघवीत पट्टीला काय दिसणार? मग 'नॉर्मल' लिहिलेला कागद अख्ख्या गॅलरीत फिरायचा आणि पेढे यायचे.

"बाबा, ही परीक्षा नाहीये."

"मग नॉर्मल-ॲबनॉर्मल कशाला लिहितात?"

वाद घालणं मला जमत नाही. एका रविवारी ते अंथरुणातून उठतायत तोच मी त्यांच्या हातात बाटली दिली. पहिलीच लघवी हवी, म्हटलं. नमुना मी मोठ्या लॅबमध्ये नेणार होते. तिथे लघवी पातळ आहे की दाट याचाही हिशेब धरतात.

"आज? अगो, तयारी नाही झाली माझी."

"म्हणूनच."

संडास गॅलरीच्या टोकाला. बाबा बाटली टॉवेलात गुंडाळून निघाले. शेजारच्या काकू दात घासत उभ्या होत्या.

"काय ओ भावोजी, टॉवेलात काय लपवलंत?"

"लेकीचा अभ्यास," बाबा म्हणाले आणि भरभर पुढे गेले.

प्रोटीन झिरपत होतं. डॉक्टर म्हणाले, अजून आवरता येईल; गोळी सुरू केली, मीठ तोडलं, पायांवर लक्ष ठेवायला सांगितलं. घरी आल्यावर बाबा रिपोर्ट हातात धरून बराच वेळ बसले. ते घाबरलेत असं मला वाटलं. मी पाणी घेऊन गेले.

"आठवडाभर आधी सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर चांगला आला असता ना."

आईने जवाचा डबा फळीवरून उतरवला आणि शेजारी देऊन आली. पुढची तपासणी कधी, हे मी बाबांना सांगितलेलं नाही. ते रोज विचारतात.