लाल ठिपक्याचं बटन

"बटन बंद केलं तरी दिवा डोळे मिचकावते म्हंता? मंग पायगुनच तो नवरीचा," शेजारच्या काकू स्वयंपाकघरात आईला सांगत होत्या. मी दाराच्या पडद्याआड रिकामे कप घेऊन उभी होते.

सुमनवहिनीला आमच्या घरी येऊन महिनाही झाला नव्हता. दादानं तिच्या खोलीसाठी हैदराबादहून कमी विजेवर चालणारा नवा सीएफएल दिवा आणला होता. तो विझवला तरी थांबून थांबून लुकलुकायचा. दादा नोकरीवर परत गेला आणि आईनं वहिनीच्या माहेरी, वांकिडीला, निरोप धाडला, की शांती होईपर्यंत मुलीला घेऊन जा. अशी माहेरी गेलेली मुलगी लवकर परत बोलावली जात नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. वहिनीचे वडील ओसरीवर येऊन बसले होते. आत वहिनी डोळे पुसत साड्यांच्या घड्या घालत होती.

तेवढ्यात लीलाआत्या आली. बाबांची ही थोरली बहीण इचोड्याला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. तिच्याशी वाद घालता येत नसे, कारण ती वाद घालतच नसे, करून पाहायची. वरण बिघडलं तर दुसऱ्या दिवशी डाळ तीच, पाणी तेच, फक्त पातेलं दुसरं. "एका खेपेले एकच गोष्ट बदलाव. दोन बदलल्या का चूक कोनाची ते समजत नाई," असं ती वर्गात सांगायची आणि घरातही. लहानपणी तिनं बाबांना दोन पायांत दोन दुकानांच्या चपला घालून शाळेत पाठवलं होतं, कोणती आधी झिजते ते पाहायला. आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण बाबा अजून ती गोष्ट तक्रारीच्या सुरात सांगतात.

"वयनी, पोरगी काऊन रडून राह्यली?" तिनं आईला विचारलं. आईनं सगळं सांगितलं. आत्या हसली नाही, रागावलीही नाही. तिनं पदर खोचला, वहिनीच्या खोलीची खिडकी लावून अंधार केला आणि बटन बंद केलं. दिवा लुकलुकला.

"आता सून बदलून पाहू."

"म्हंजे?" आई दचकली.

"सुमन, तू शेजारी जाऊन बस. मी हाक मारल्याबिगर येऊ नको."

वहिनी गेली. आम्ही सगळे छताकडे माना करून उभे राहिलो. दिवा पुन्हा लुकलुकला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पाऊल तर पडलं ना खोलीत!"

"बरं. आता दिवा बदलू." आत्यानं तिथं जुना पिवळा बल्ब लावला. तो गुपचूप विझून राहिला. नवा दिवा स्वयंपाकघरात लावला, तिथं तोही शहाण्यासारखा विझला.

"पाहा!" आई म्हणाली. "दिवा चांगला हाय. खोलीतच खोट हाय."

आत्या मग माझ्याकडे वळली. "तू कवाची भिंतीकडं पाहून राह्यली. काय दिसते तुले?"

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझं मराठी ऐकून पाहुणे हसत, म्हणून मी चारचौघांत तोंड उघडत नसे. मी नुसतं बोट दाखवलं. लग्नाच्या वेळी वायरमननं या एकाच खोलीत लाल ठिपक्याचं बटन बसवलं होतं. आमच्याकडे लाईट सारखी जायची. ठिपका पेटला की लाईट आल्याचं कळे. बटन बंद असतानाच तो पेटायचा.

आत्याचे डोळे चमकले. तिनं मेन बंद केला, पायात रबरी चपला घातल्या आणि दोन्ही खोल्यांची बटनं आपसांत बदलून मेन पुन्हा लावला. वहिनीच्या खोलीत आता साधं बटन होतं. तिथं नवा दिवा लावून विझवला. काळोख. मग तोच दिवा तिनं स्वयंपाकघरात आईच्या डोक्यावर लावला, दार ओढून घेतलं आणि लाल ठिपक्याचं बटन बंद केलं.

दिवा लुकलुकला. थांबला. पुन्हा लुकलुकला.

"आता हा कोनाचा पायगुन, वयनी? तुमचा का मिरचीच्या डब्याचा?"

शेजारच्या काकूंना फिस्सकन हसू आलं. आई पदरात तोंड लपवून म्हणाली, "जीभ पाहा बाईची!" पण हसत होती तीही.

"त्या ठिपक्याले पेटाले जरासा करंट लागते, आन् तो दिव्यातूनच जाते," आत्यानं समजावलं. "जुन्या बल्बाले तेवढ्यानं काही होत नाई. हा नवा मातर थेंब थेंब साठवते, भरला का एकडाव चमकते, आन् पुन्हा रिकामा."

मग तिनं शेजारच्या अंगणाकडे तोंड करून अशी हाक मारली, की अर्धी गल्ली बाहेर आली. वहिनी धावत आली. आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला.

ओसरीवर वहिनीच्या वडिलांना यातलं काहीच कळलं नव्हतं. बॅग उचलून ते दारात आले. "मंग बाई, निघाव का आमी? वांकिडीची गाडी जाईन."

आई लाजून दाराआड झाली. आत्या मुद्दामच हात धुवायला गेली. मी पुढे झाले, त्यांच्या हातातली बॅग घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काका, जेवून जा. वहिनी आपल्या घरीच राहतील."