टिल्लूसाठी आणलेली द्राक्षं

आमच्या टिल्लूच्या खाण्याचं माझं खूळ तुम्हाला माहीतच आहे. पाकिटातलं काही नाही, कुत्र्याला गाजरसुद्धा सेंद्रियच.

निफाडचे मामा घरच्यांना खायला चार वेली बिनफवारणीच्या ठेवतात. आज सकाळी त्यातलेच घड ते खास टिल्लूसाठी घेऊन आले. "एक थेंब औषध नाय मारलं त्यावर. बिनधास्त दे."

मी एकेक मणी हाताने भरवला.

दुपारी उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं, तर मी आधी 'सगळं ऑरगॅनिक' असंच सांगितलं. मग द्राक्षांचं सांगितलं.

"अहो, कुत्र्याला द्राक्षच विषारी असतं. फवारलेलं असो की नसो. किडन्या जाऊ शकतात."

आता सलाईन लावलंय. उद्याच्या रक्ततपासणीपर्यंत काहीच कळणार नाही. मी नुसती शेजारी बसलेय. आधी वाचायचं नाही का, असं कृपा करून कोणी लिहू नका.

आत्ताच मामांचा फोन आला. "आवडली का गं त्याला? उद्या अजून पाठवतो."

मी म्हटलं, "हो मामा, खूप आवडली."

दुसरं काय सांगणार होते? तुम्हीच सांगा.