आत कुणीतरी खाकरलं

आधीच सांगतो, मी असलं काही मानणारा माणूस नाही. हुपरीतल्या आमच्या वस्तीतला मी पहिला बी.एस्सी., तेही केमिस्ट्री घेऊन. आमचं बौद्ध घर. नवस, अंगारे, उतारे आजोबांनीच बंद केलेले. कागलच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये नोकरी करतो. मोजता येईल तेवढंच खरं, असं आमचं काम. त्यामुळं हे लिहिताना हात अडखळतोय... पण लिहितो.

गेले काही महिने पोट बिघडलंय. जेवलं की पळायचं. कधी चिकट, कधी रक्त. माझे वडील अशाच दुखण्यानं गेले. "मूळव्याध हाय, दुसरं काय न्हाय," म्हणत झाडपाला खाल्ला, तपासणी केलीच नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो. आता माझ्या डोक्यात रात्रंदिवस तेच. मोबाईलवर वाचून वाचून प्रत्येक रोग मलाच झालेला. वजन घटतंय का बघायला कंपनीत डिस्पॅचच्या काट्यावर गुपचूप उभा राहायचो, तर तिथला शिवा ओरडला, "काय सायेब, सोताला डिस्पॅच करताय व्हय?" सगळे हसले. मीही हसलो... आणि दुसऱ्या दिवशी बूट काढून उभा राहिलो.

शेवटी डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून आतडं बघायची तपासणी सांगितली. आदल्या दिवशी आतडं साफ करायची पावडर पाण्यात घोळून प्यायची असते. कळंब्याच्या बाजूला आमचा फ्लॅट आहे. घरात मी आणि माझी बायको सविता, दोघंच. उन्हं अजून गॅलरीत होती. खरं सांगतो, पहिला ग्लास पोटात गेला तरी तपासणी रद्द करावी असंच मनात होतं. कळलंच नाही तर निदान झोप तरी लागेल...

तेवढ्यात कळ आली. उठून संडासच्या दाराशी पोचलो — आणि आतून कुणीतरी खाकरलं.

इथं एक सांगायला हवं. आमच्या वस्तीत सामायिक संडास होते आणि दारांना कड्या नव्हत्या. बाहेर पाय वाजला की आतल्या माणसानं खाकरायचं. म्हणजे, आत माणूस आहे, थांब. कोण आहे ते खाकरण्यावरनंच कळायचं. वडील चांदीच्या भट्टीवर कामाला होते, धुरानं घसा बसलेला. आधी तुटक खाकरायचे, मग लांबलचक ओढून शेवटी "हं".

तेच होतं. अगदी शेवटच्या "हं"सकट. आणि मी काय केलं? सवयीनं मागं सरकून भिंतीला टेकून उभा राहिलो! पोटात मुरडा, कपाळाला घाम, आणि मी आपल्या नंबराची वाट बघतोय.

स्वयंपाकघरातनं सविता म्हणाली, "अहो, आत कोण गेलंय? खाकरलं की कोणतरी."

तेव्हा मात्र मी भिंतीपासून सरळ झालो. सवितानं माझ्या वडिलांना पाहिलेलंही नाही. आणि दाराला बाहेरून कडी होती.

कडी काढली. आत कुणी नाही. बादली, मग, कोरडी फरशी. आधी बसलो... लाजायचं काय त्यात. मग शोध सुरू केला. वरच्या फ्लॅटला कुलूप. खालच्या फ्लॅटमधल्या काकू घरात एकट्याच. आवाज पाइपमधून येतो का बघायला सविताला त्यांच्या बाथरूममध्ये उभं करून खाकरायला लावलं. वर काही ऐकू आलं नाही. काकूंना काय वाटलं असेल ते सोडा.

मग हुपरीला आईला फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, "थांब म्हणाले, म्हणजे उद्या जाऊ नको असंच ना?"

आई म्हणाली, "लेका, आत माणूस असला की थांबायचं, आन् नंबर आला की जायचं. न जाता कधी माघारी आलतास व्हय? पी ते औषध गुमान."

प्यालो. गेलो. आत एक गाठ दिसली. तिचा तुकडा तपासायला पाठवलाय. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरनं काही कळत नाही. सविता म्हणते, "तुमचा नंबर अजून न्हाय, तुमच्या वडलांनीच खाकरून सांगितलं की." मी म्हणतो, ते सांगायला आले होते की न्यायला, हे कशावरनं ठरवायचं?

दोघांना एकाच वेळी भास होतो का, मला माहीत नाही. रिपोर्ट चांगला यावा, एवढंच सध्या वाटतं. आणि आत वडील नव्हतेच असं मात्र कुणी सिद्ध करून दाखवू नये, असंही वाटतं. माझ्यासारख्या माणसाला असं का वाटावं, तेच कळत नाही.