मावशीची गुणगुण

त्या वर्षी आमच्या गावची बारव तळापर्यंत कोरडी पडली होती, आणि कोरडी होती म्हणूनच आम्हाला तिथं सिनेमा करता आला. पाणी असतं तर खालच्या पायऱ्यांवर कॅमेरा लावता आला नसता. ही गोष्ट मी पुण्यात पुष्कळ जणांना हसत हसत सांगितली आहे. गावात तेव्हा चार दिवसांआड टँकर यायचा. माझी आई त्या टँकरच्या रांगेत उभी असायची आणि मी बारवेत उतरून, इथं आवाज किती छान घुमतो, म्हणून खूश व्हायचे.

सिनेमा निजामाच्या काळातल्या एका दुष्काळाचा होता. भयपट. दुष्काळात मुलंबाळं गेलेली एक बाई मेल्यावरही बारवेच्या पायऱ्यांवर उभी राहते आणि गावात नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनेला दिसते, एवढीच गोष्ट. मी साउंडचं काम शिकले होते आणि स्वतंत्रपणे मिळालेला हा माझा पहिलाच सिनेमा. वडवणीजवळचं आमचं गाव दिग्दर्शकाला मीच सुचवलं होतं.

मेलेल्या बाईचं काम करायला त्याला नटी नको होती. तो दोन दिवस गावात नुसता हिंडला आणि तिसऱ्या दिवशी मला दूध संस्थेच्या दारात उभं करून म्हणाला, "ती बघ. ती उंच बाई."

ती मावशी होती. माझी सख्खी मावशी नव्हे, आईची मैत्रीण. दोघींनी तरुणपणी ऊसतोडीला एकाच टोळीत जाऊन कोयता चालवलेला. पुढं गावात बायकांची दूध संस्था निघाली, मावशी तिथं दूध मोजायला लागली आणि तिचा कोयता सुटला. याचा तिला फार अभिमान होता. दिवाळीनंतर अर्ध्याहून अधिक गाव कारखान्यांवर जायचं, मावशी मात्र पंधरा वर्षं जागची हलली नव्हती. बाई किटली घेऊन आली की मावशी दुधाचा कस बघायची काचेची नळी त्यात सोडायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत तिच्याकडं टक लावून बघत राहायची. पापणी लवायची नाही, मान हलायची नाही. आणि हे सगळं चाललेलं असताना नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायची. शब्द नव्हतेच. तीनचार सूर, वर जाऊन परत खाली. सकाळ-संध्याकाळ साऱ्या गावच्या बायकांनी ते ऐकलेलं होतं, इतकं की कुणाला ते ऐकू येतं हेही कळत नसावं.

"ही बाई काही न करता उभी राहू शकते," दिग्दर्शक म्हणाला. "मला तेवढंच पाहिजे."

मावशी तयार होईना. "लोक हसतील बाई मला," म्हणाली. मी तिच्या गळ्यात पडले. "मावशी, माझा पहिला सिनेमा हाय. माझ्यासाठी कर." मग ती तयार झाली.

शूटिंगच्या दिवशी तिला काळं लुगडं नेसवलं आणि बारवेच्या मधल्या टप्प्यावर उभं केलं.

"काय करू माय?"

"काहीच करू नको."

"काही न करायचं काम जन्मात पहिल्यांदा मिळालं मला," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

कॅमेरा तिच्यापेक्षा सहा पायऱ्या खाली, जवळजवळ जमिनीला टेकवून ठेवला होता. खालून बघितलं की माणूस आहे त्याच्या दुप्पट होतं. तिला मधोमध न ठेवता कडेला ठेवलं, थोडी धूसर, आणि पुढं स्पष्ट दिसत होती ती सून. प्रेक्षक सुनेकडं बघत असतो आणि हळूहळू त्याला जाणवतं की मागं कुणीतरी उभं आहे, मघापासून उभं आहे. मग कॅमेरा हलत नाही. जेवढा वेळ बघवतं त्याहून थोडा जास्त तो तसाच राहतो. मावशीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं आपला फोटो निघतोय. ती ऊन डोळ्यावर घेऊन शांत उभी होती.

माझं काम खरं पुढं होतं. शूटिंग संपायच्या आदल्या दिवशी मी संस्थेत गेले. पिशवीत रेकॉर्डर होता, माईक पिशवीच्या तोंडाशी, वर ओढणी.

"काय गं, इकडं कुठं?"

"सहज. चहा प्यायला."

तिनं चहा मागवला. मी तिच्या टेबलाशेजारी बसून तो प्यायले. ती एकेका बाईचं दूध मोजत होती, गुणगुणत होती. अर्धा तास मी ते सगळं घेतलं. विचारलं असतं तर ती लाजून गप्प बसली असती, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे विचारायचं माझ्या मनातच आलं नाही.

पुण्यात स्टुडिओत बसून मी ती गुणगुण निम्म्या वेगानं चालवली. बाईचा आवाज खाली उतरला आणि धड बाईचा राहिला नाही, धड पुरुषाचाही झाला नाही. मग बारवेच्या प्रसंगांतून मी गाव काढून टाकलं. पाखरं काढली, शेळ्या काढल्या, वाराही काढला. भरदिवसा उन्हात काहीच ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस आपोआप कान देतो. त्या रिकामपणाच्या तळाशी मी मावशीला ठेवलं, इतकी हळू की सूर आहे की आपलाच भास, हे कळू नये. सुनेनं मागं वळून बघायच्या आधी एक क्षण तेही बंद केलं.

दिग्दर्शकानं ते ऐकलं आणि खुर्चीवरून उठून दार उघडलं. "कुठून आणलंस हे?" त्यानं विचारलं.

"बनवलं," मी म्हणाले.

गावाला सिनेमा दाखवायचं आम्ही कबूल केलं होतं. ऊसतोडीची माणसं परतल्यावर, उन्हाळ्यात एका संध्याकाळी, संस्थेच्याच शेडमध्ये भिंतीला पांढरा कपडा लावून तो दाखवला. मावशीला पुढं खुर्ची दिली होती. पडद्यावर स्वतःला बघून ती आधी तोंडाला पदर लावून हसली. बायका ओरडल्या, "आगं, आपली मावशी!" दुसऱ्यांदा ती पडद्यावर आली तेव्हा कुणी ओरडलं नाही. तिसऱ्यांदा माझ्यामागं बसलेल्या एका बाईनं मांडीवरच्या लेकराचे डोळे झाकले. मी पडद्याकडं बघतच नव्हते. मी माणसांकडं बघत होते, कोणत्या सेकंदाला कुणाचा श्वास अडकतो ते मोजत होते. आणि मला आनंद होत होता.

बाहेर आल्यावर मावशीनं मला बाजूला घेतलं.

"मी अशी दिसती व्हय गं?"

"कॅमेऱ्याचं असतं ते मावशी. खालून लावला की तसं दिसतं."

"बरं," ती म्हणाली. आवाजाचं मी काही बोलले नाही.

त्या उन्हाळ्यात दूध नासायला लागलं. ऊन तसं होतं, वीज जायची, दूध न्यायचा टेम्पो तास तास उशिरा यायचा. चारा-पाणी नाही म्हणून म्हशीही आटत होत्या. हे सगळ्यांना दिसत होतं. तरी आईनं फोनवर सांगितलं की दोघीतिघी बायका मावशीसमोर किटली उघडायला तयार नाहीत. "तिची नजर लागती म्हणतात दुधाला. पंधरा वर्षं न्हाई लागली, आन आताच कशी लागती. लई वाईट वाटतंय तिला."

"वेड्या आहेत," मी म्हणाले.

"आगं, नुसतं बघायचं न्हाई. ती गुणगुणाया लागली की अंगावर काटा येतो म्हणतात बाया. आधी कधी येत नव्हता. कावून येत असंल?"

मी म्हणाले, "काय माहीत."

मला माहीत होतं. त्या बायकांनी शेडमध्ये बसून दीड तास त्या सुराला घाबरायचं शिकून घेतलं होतं, आणि शिकवलं मी होतं. आता तो सूर त्यांच्या खऱ्या दुधावर, खऱ्या बाईच्या नाकातून येत होता. त्यांना कारण सापडत नव्हतं म्हणून त्यांनी एक कारण शोधलं. त्या वेळी आईला दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मी दुसरंच काहीतरी बोलून फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात संस्थेच्या बैठकीत मावशीला मापावरून काढून मागं कॅन धुवायला लावलं आणि मापावर एक नवी मुलगी बसवली. तिचं नाव खराब होऊ नये म्हणून, असं म्हणे अध्यक्षबाई म्हणाल्या. मी गावी गेले तेव्हा ती मागच्या बाजूला वाकून कॅन घासत होती. माझ्याकडं बघून हसली, "कधी आलीस माय?" म्हणाली. मी तिथं बराच वेळ उभी होते. तेवढ्या वेळात ती एकदाही गुणगुणली नाही. मी दोन दिवस राहिले, जेवले, झोपले आणि पुण्याला परत गेले.

नंतर त्या सिनेमाच्या आवाजासाठी मला बक्षीस मिळालं. स्टेजवर एका मोठ्या माणसानं विचारलं की तो सूर कसला होता, आणि मी म्हणाले, "ते गुपित आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जागेवर येऊन बसले तेव्हा माझे कान गरम झाले होते, आणि शेजारच्या माणसाला ते दिसतील म्हणून मी केस पुढं घेतले.

त्यानंतरच्या आठवड्यात मी गावी गेले आणि मावशीच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. तिला पटकन कळलं नाही. मग मी फोनवर आधी तिची खरी गुणगुण ऐकवली, नंतर निम्म्या वेगातली. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

"म्हंजे हे माझंच हाय."

"हो."

"त्या दिवशी च्या प्यायला आलीस तवा?"

"हो मावशी."

ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली. "मागितलं असतंस तर दिलं नसतं का गं मी? तुला न्हाई म्हणले का कधी?" मग म्हणाली, "मला कशाला सांगतीस आता? बायांना सांग."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दूध घालायला आलेल्या बायकांसमोर मी तेच सगळं पुन्हा केलं. खरा सूर, संथ केलेला सूर, आणि या वेळी फोनवर मावशीचा खालून घेतलेला चेहरा आणि समोरून घेतलेलाही. काहीजणी हसल्या. एकीनं मला विचारलं, "आन आमाला हे आता सांगतीस व्हय?" आणि सगळ्यात आधी जिनं किटली उघडायला नकार दिला होता ती बाई म्हणाली, "कळलं गं. पर आत्ता वाजवलंस तवा परत काटा आलाच की."

मावशीला त्यांनी पुन्हा मापावर बसवलं. लगेच नाही, पाऊस होऊन दूध वाढल्यावर, आणि तेही नव्या मुलीला एकटीला ते झेपेना म्हणून. ती आता तोंड मिटून दूध मोजते.

मी सगळं सांगितलं त्या दिवशी ओट्यावरून उठताना तिनं एक विचारलं होतं. "सिनेमातनं ते काढता येतं का गं? तेवढं काढ. मी उभी ऱ्हाईना का, पर आवाज काढ." मी दिग्दर्शकाला विचारून सांगते म्हणाले. पंधरा दिवसांनी फोन करून मी तिला सांगितलं की तो नाही म्हणतोय, सिनेमा आता सगळीकडं गेलाय, काही करता येत नाही.

"ऱ्हाऊ दे मग," ती म्हणाली. "तू तरी काय करशील."

मी दिग्दर्शकाला विचारलंच नव्हतं. तो कदाचित हो म्हणाला असता, आणि मला ते नको होतं. आजवर मी केलेल्या कामात तेवढं चांगलं दुसरं काही झालेलं नाही. हे तिला अजून ठाऊक नाही. गावी गेले की ती मला जेवायला बोलावते आणि मी जाते.