कुलूप घातलेलं मडकं

आमचा भागोजी म्हणजे अर्धा मुका. माझा धाकटा दीर, हर्ण्याच्या बंदरावर जाळी विणायचा. दिवसाकाठी चार शब्द बोलला तर नशीब! पण शिमगा आला की फुटकी मडकी, मोडकी वल्ही, करवंट्या, सुंभ असलं काहीबाही जमवून असं सोंग उभं करायचा की बघणाऱ्याने पोट धरून हसावं. एका साली गळक्या टोपलीचं खोताचं पोट केलं होतं. खोत स्वतः बघून गेला आणि गप्प बसला, कारण शिमग्यात कुणी कुणाला काही म्हटलं तरी राग धरायचा नाही.

त्याचा पोरगा शिवा मात्र भारी बडबड्या. आई लहानपणीच गेली, मीच वाढवला मेल्याला. बत्तीस साली मासळीच्या लिलावात टोपलीवर उभा राहून मिठाच्या कायद्यावर बोलला, आणि पोलिसांनी तिथूनच उचलला. बंदरावर जमावबंदी लागली. मोठ्याने बोलायचीही चोरी झाली.

भागोजीने त्या वर्षी सोंग लवकरच करायला घेतलं. वल्ह्यांचे हात, मिठाच्या पोत्याची छाती, तिच्यावर शिवाचा सदरा. डोक्याच्या मडक्याला तोंडाचं भोक पाडलं, त्यात फाटकं जाळं कोंबलं आणि वरून तारेने गंजकं कुलूप अडकवलं. नेऊन लिलावाच्या जागी उभं केलं. कोणी हसलं नाही.

होळीच्या आदल्या दिवशी निरोप आला, शिवा तुरुंगात तापाने गेला. प्रेतही दिलं नाही हो, तिकडेच उरकलं! मी छाती बडवून घेतली. भागोजी सोंगापाशी जाऊन सदऱ्याची बटणं लावत बसला.

त्याच दुपारी फौजदार आला. "हे काय रे?"

"शिमग्याचं सोंग, सायब."

त्याला कळलं होतं, न कळायला काय झालं! पण मडक्यावर खटला कसला भरणार? म्हणाला, "मग उद्या होळीत टाक, माझ्यासमोर. आणि बोंब नको. एकाने तोंड उघडलं तर सगळे आत."

तो गेल्यावर भागोजी माझ्याकडे वळला. "वैनी, म्हणजे शिवाला अग्नी मीच द्यायचा ना?"

मला भडभडून आलं. चितेला अग्नी दिला की तोंडावर हात मारून बोंब मारायची, त्याशिवाय आमच्यात माणसाचं शेवटचं पुरं होत नाही. होळीचीही बोंब तशीच. नेमकी तीच फौजदाराने बंद केलेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होळी पेटली. सोंग आत ठेवण्याआधी भागोजीने कुलूप काढलं, तोंडातलं जाळं ओढून टाकलं. सदरा पेटला. मडकं फुटलं. भागोजीने तोंडावर हात मारला, पण आवाजच फुटेना! जन्मभर न बोललेला माणूस तो. बाकीचे बाप्ये शिपायांच्या काठ्या बघून माना खाली घालून उभे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पोराला असाच मुक्याने जाळायचा?

आमच्यात बायका बोंब मारत नाहीत. मी मारली.

"कोण ती?" फौजदार ओरडला.

"शिवाची काकी!" म्हटलं, आणि पुन्हा मारली. भागोजी माझ्या पायाशी वाळूत बसला होता, तोंड तसंच उघडं, आणि माझ्या प्रत्येक बोंबेला त्याचा हात त्याच्या तोंडावर पडत होता.