शनिवारची ताकद

तेव्हा मुलुंडच्या एका शाळेत मी पी.टी.ची बाई होते. शिट्टी फुंकून नि ओरडून घसा बसायचा. खेळाडूंचा दम आणि स्नायूंची ताकद कशाकशावर ठरते, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. तो पुरा झाला तर कॉलेजात नोकरी, नाहीतर जन्मभर शिट्टी.

शनिवारी शाळा अर्धा दिवस, म्हणून दुपारनंतर घाटकोपरच्या मैदानावर कबड्डीच्या एका संघाची मोजमापं घ्यायचे. संघातले सगळे कोकणातले, बहुतेकांचे वडील गिरणीत होते. पकडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राची मूठ आवळायची, काटा बघायचा, मग बाकावर दमेपर्यंत चढ-उतर. आकडे इतके रडके यायचे की माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी यंत्रच तपासून घ्यायला लावलं. यंत्र ठणठणीत होतं. झोप, दूध, अंडी, विडी, सगळं माझं विचारून झालं होतं.

पावसाळा संपत आला तेव्हा एकदा मी सगळ्यांसाठी वडे नेले. कोणी हात लावेना. शनिवार मारुतीचा, अंगात बळ यावं म्हणून अख्खा संघ कडक उपास धरायचा आणि खेळून, देवळात जाऊन मगच सोडायचा. आमच्या घरी सोमवार धरतात, तरी मला हे सुचलं नव्हतं, आणि त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. मला रडूच आलं.

एकच शनिवार जेवून या, असं मी विनवलं. कॅप्टन तिशीतला, संघातला सगळ्यांत थोरला. तोच पुढे झाला.

"ताई, जेवून आलो नि काटा पुढे गेला, तर मारुतीला काय तोंड दाखवू?"

इतर दिवशी त्यांची कामं असत. तेव्हा उरला रविवार, माझा एकुलता एक झोपेचा दिवस. तोही दिला.

पहिल्या रविवारी कॅप्टन मटण जेवून, बाकीच्यांच्या आधी एकटाच आला. मूठ आवळली. काटा शनिवारच्या पुष्कळ पुढे गेला. त्याने पुन्हा आवळली, मग डाव्या हाताने. काटा पुढेच. माझा प्रबंध वाचला होता, आनंद व्हायला हवा होता. पण त्याचा चेहरा बघून मला नुसतं घरी जाऊन झोपावंसं वाटलं.

"पोरांना नका सांगू, ताई," तो म्हणाला.

नाही सांगत, म्हटलं मी. तेवढ्यात बाकीचे जेवून, हसतखिदळत फाटकातून आले आणि पहिल्याने यंत्रासाठी हात पुढे केला.