जेवतानाच्या बातम्या
डाळीला हिंगाची फोडणी पडली की मला उज्जैनचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. बाबांनी मुद्दाम टीव्ही घेतला नव्हता. जेवताना प्रत्येकाने दिवसभरात पाहिलेलं काहीतरी सांगायचं, हा नियमही त्यांचाच. एकदा धाकटी बहीण भात कालवत म्हणाली, “आज ना, शाळेच्या ऑटोतून बाबा दिसले. देवास गेटला, बसस्टँडच्या बाकावर अकेलेच बसले होते. रडत होते.” आईचा डाळ वाढणारा हात थांबला. बाबा खाली मान घालून जेवत राहिले. का, ते कुणीच विचारलं नाही. त्याच आठवड्यात बाबा टीव्ही घेऊन आले, आणि ताटं मांडली की स्वतःच तो लावू लागले. आता बाबा नाहीत. मुलांसाठी मीही घरात टीव्ही ठेवलेला नाही. पण जेवताना ‘आज काय पाहिलंत?’ असं विचारायला जीभ रेटत नाही.